धुराचं माप

परभणीत आरटीओच्या भिंतीला टेकून माझी व्हॅन उभी,
आत मशीन, प्रिंटर आणि एक नळी.
ती दिवसभर लोकांच्या सायलेन्सरात खुपसायची.

अंबादास कंपाउंडरची मारुती आली, एकोणीस वर्षांची.
महिन्यातून दोनदा निघते, जिंतूरला, लेकीकडं.
"कामून ओ जास्तीचा कर? एरवी तर झाकलेलीच असती."
मी म्हणलो, काका, कर वय बघतो, नळी धूर बघते,
फिरणं बघायला कुणालाच ठेवलेलं नाही.

त्यांच्यामागं पांढरी, उंच, दोनच वर्षांची.
रोज नांदेड, रोज परत.
काच अर्धीच खाली आली. आकडा एकदम चोख.
एसी चालूच होता.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर पावतीच्या पाठीवर
गुणाकार मांडला: जास्त गुणिले चोवीस,
थोडं गुणिले रोजचं.
आलेलं उत्तर भरून घेणारी खिडकी
आत जाऊन शोधली. जेवणाची सुट्टी होती.

सहाला व्हॅनचं दार ओढतो. सायकलवर टांग टाकायच्या आधी
रुमालात नाक शिंकरतो.
काळं.
यातलं अंबादासकाकांचं किती, पांढऱ्या गाडीचं किती,
नळीला सांगता येत नाही.