पॉइंट दोन

शाळेच्या मागे, गोलपोस्टच्या पलीकडे
पांढरी झरोक्यांची पेटी आहे, चार पायांवर उभी.
आत कमाल तापमापक.
त्यातला पारा चढतो तिथेच थांबतो,
झटकल्याशिवाय खाली येत नाही.
गावातली मतंही त्याच कंपनीची असावीत.

मी प्रयोगशाळेचा परिचर. एकतीस वर्षं.
रिटायर झालो तरी पेटीची किल्ली माझ्याकडेच राहिली,
कारण कोणी मागितली नाही.
चार वाजता डोक्याला ओला पंचा गुंडाळून जातो,
आकडा वहीत लिहितो,
मग फाटकाबाहेरच्या फळ्यावर, खडूने.

यंदा इलेक्शन.
फळ्यावरचे ४५.८ कोणीतरी पुसले, ४२ केले.
शेजारी दुसऱ्याच अक्षरात: ५०.
माझा आकडा दोन्ही पार्ट्यांच्या कामाचा नव्हता.

फैजपूर रस्त्याच्या टपरीवर सगळे हवेबद्दलच बोलत होते.
"हवा आपली हाये," मिठाराम भंगाळे म्हणाला.
"फिरली हवा," नारखेडे म्हणाला, आणि चुना मागितला.
तिथे थर्मामीटर चालत नाही.

"उनाया हाये, तपीनच ना भाऊ," मिठाराम.
"पंच्याण्णव साली सत्तेचाळीस पॉइंट दोन होतं,
शायेच्या वहीत हाये. इचारा यायले."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी सुपारी चघळत राहिलो.

नारखेडेची सभा तापमानवाढीवर होती.
ध्रुवावरच्या बर्फापर्यंत गेला तो, चांगला बोलला.
मंडप मावेना म्हणून बाजारातले तीन निंब
त्यानेच आदल्या रात्री आडवे करवले होते.
मी भाषण उन्हात उभ्याने ऐकलं.

आणि मिठारामच्या मळ्यात जाऊन बघा.
केळीच्या पश्चिमेला शेवरीची दुहेरी ओळ,
तिच्यामागे हिरवी जाळी,
घडांच्या डोक्यावर वाळक्या पानांची टोपरी.
नातीचं लग्न वैशाखातून उचलून माघात नेलं.
तोंड म्हणतं काही बदललं नाही,
हात तोंडाचं ऐकत नाहीत.

अंधार पडल्यावर तोच येतो, गल्लीतून न येता मागच्या दाराने.
हळू विचारतो, घरातल्याचा रिपोर्ट विचारावा तसं:
"खरा किती व्हता आज?"
तो जात नाही तोच नारखेडेचा फोन.
"दादा, आपल्यातच ठेवा, पण रोपं आता लावू का थांबू?"

सत्तेचाळीस पॉइंट दोनचं राहिलं.

मिठाराम म्हणतो, बघा, तेव्हाही होतंच.
नारखेडे म्हणतो, बघा, तेव्हापासूनच सुरू झालं.
दोघांचा एकमेव समान आकडा.

त्या दिवशी मी शाळेत नव्हतो.
भुसावळला दवाखान्यात होतो, लताचं सिझर.
तीन दिवसांनी आलो तर रकाना रिकामा,
आणि शिपायाने पारा झटकून ठेवलेला.
हेडमास्तर म्हणाले, भरून टाक, कोण बघतंय.
मला दवाखान्याच्या जिन्याचा लोखंडी कठडा आठवला,
हात कसा चटकन मागे आला ते आठवलं,
आणि लिहिलं सत्तेचाळीस.
पॉइंट दोन मी खरं वाटावं म्हणून टाकलं.

बारा हजारांवर आकडे पाहून लिहिले, रविवारसुद्धा.
न पाहता हा एक.
गावाने बरोबर त्यालाच साक्षीला बोलावलं.
सांगून टाकलं, तर उद्या बाकीच्या बारा हजारांना
कोण विचारणार?
मुलगी आता पुण्याला असते. तिलाही सांगितलेलं नाही
की तिच्या जन्माच्या दिवशी किती ऊन होतं
ते मला माहीत नाही.

आज त्या रकान्याशेजारी पेन्सिलने फुली केली.
बारीक, खोडता येईल अशी.
मग पेटीकडे गेलो. कडी पोळली.
दार पंच्याच्या टोकाने उघडलं,
चष्म्यावरचा घाम पुसला, पुन्हा पाहिलं.
सेहेचाळीस पॉइंट चार.

यातला चार मी टाकलेला नाही.
तो होता.