खुरुंग

घोडीचं ताजं दूध पिऊ नकोस,
ते शिंगराचं आहे, यांजमा मावशी म्हणायची,
आणि तू शिंगरू नाहीस.

एवढंच तिचं शास्त्र.
बाकीचं मला उलानबातरला शिकवलं, पांढऱ्या कोटात:
की दुधातली साखर म्हणजे दोन साखरांची गाठ,
आणि ती सोडवणारं विकर
लहान आतड्याच्या भिंतीवर बसून असतं
अंगावरचं दूध तुटेपर्यंत.
मग ते हळूहळू दुकान आवरतं.
आमच्यात बहुतेकांचं आवरतं.
न सुटलेली गाठ तशीच खाली घरंगळते,
मोठ्या आतड्यातले अंधारातले जीव
तिच्यावर तुटून पडतात,
हायड्रोजन सुटतो, रक्तात उतरतो,
श्वासातून बाहेर येतो,
आणि नळीत फुंकलं की यंत्रावर आकडा.

माझा चौऱ्याहत्तर.
शिकाऊ होते, पहिला श्वास माझाच घेतला.
सरबतासारखं गोड ते पाणी, एक पेला,
आणि संध्याकाळपर्यंत पोटात
कोणीतरी कळप हाकत होतं.

आणि हीच मी मोगोदला, सुट्टीत,
वाडग्यामागून वाडगा ऐराग पीत असे.

मावशीच्या गेरात शिरलं की डाव्या हाताला
गायीच्या कातड्याची पखाल टांगलेली.
येईल त्याने आधी दांडा धरायचा,
चार हात घुसळायचं, मग बोलायचं.
टपालवाला असो, पशुवैद्य असो,
वाट चुकलेला असो.
हात थांबले की पखाल आपली आपण
बारीक सळसळत राही,
कान लावला तर दूरच्या पावसासारखी.
आत कोण राबतंय ते मावशीला ठाऊक नव्हतं.
काडीसारखे जिवाणू, फुटवे धरणारी यीस्ट:
साखर खायची, आंबट टाकायचं,
थोडा फेस, थोडी झिंग.
आमच्या पोटांनी सोडून दिलेलं काम
ती मंडळी रात्रंदिवस करत होती.
मला फार उशिरा कळलं,
मावशीने घराचं एक आतडं
दाराशी टांगून ठेवलं होतं.

विरजणाला आम्ही खुरुंग म्हणतो.
भांडवलालाही खुरुंगच.
बँकेच्या पाटीवर हा शब्द वाचला
की मला अजून आंबट वास येतो.

ओर्खोनला पूर आला त्या साली
गेर वाचलं, पखाल गेली.
घोड्या होत्या, दूध होतं,
शिंगरं दोरीला बांधलेली,
दर दोन तासांनी बादली भरत होती,
आणि बादलीत नुसतं दूध.
मावशी त्याच्याकडे बघायची
मुक्या माणसाकडे बघावं तशी.

टेकडीपलीकडे गोम्बोसुरेन.
त्याचं-तिचं बोलणं नऊ वर्षं बंद,
एका करड्या घोड्यावरून,
जो कधीच मरून गेला होता.
पण त्याच्या लग्नात, त्याही आधी,
मावशीनेच त्याच्या बायकोला विरजण दिलं होतं,
निळ्या कापडात गुंडाळून, डबाभर.

आम्ही चालत गेलो. मी डबा धरला.
तो दारात उभा होता, बाजूला सरकला.
मावशी आत गेली, डावीकडे वळली,
आणि दांडा धरला.
चार हात नाही. मी मोजत होते,
दोनशेच्या पुढे माझी मोजणी चुकली.
कपाळावरचा घाम तिने बाहीने पुसला,
वाकून वास घेतला.

ओळखलं, म्हणाली. पखालीला.

त्याच्या बायकोने वाडगी भरली.
मी तीन प्यायले, पोटाने हूं की चूं केलं नाही.
गोम्बोसुरेनने माझ्या हातातून डबा घेतला,
काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं,
आणि डब्याकडेच बघत म्हणाला,
मुद्दल घेऊन जा.
व्याज आम्ही पिऊन टाकलं.