मागची बाजू

अर्ज लिहून आठवडा झाला.
'वैयक्तिक कारणास्तव' – याहून नेमकं
मला मराठीत सापडलं नाही.
चारदा घडी घातलेला तो कागद
ॲप्रनच्या खिशात, कात्री आणि थर्मामीटरच्या मधे.

रक्ताची भीती नाही. घरी सगळ्यांना तेच वाटतं.
आत्या म्हणते, "व्हईल सवय,
मला न्हाई का म्हशीच्या लाथंची झाली?"
मी गप्प बसतो.
उत्तरेश्वर पेठेतल्या सगळ्या पोरींसारखी मीही
घरात 'येतो', 'जातो', 'जेवलो' म्हणत वाढले.
वॉर्डात मात्र 'आले, सिस्टर'.
दोन वर्षं झाली,
यातल्या कुठल्या क्रियापदाला नोकरी लागणार आहे
ते अजून कळंना.

कारण वेगळंच आहे.
दिवाळीच्या आधी आठ नंबर कॉटवरची बाई गेली,
माझ्या देखत, दुपारी पावणेतीनला,
आणि मला भूक लागली होती.
डब्यात मेथी आहे हे आठवत होतं.
सुनेनं टाहो फोडला.
मी चादरीचे कोपरे सरळ करत राहिले.
अशा माणसानं इथं असावं का,
हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं.

काल रात्रपाळीला हुपरीचे तवनाप्पा आले.
चांदीच्या पैंजणांना साठ वर्षं डाख दिलेला माणूस,
बोटांची टोकं काळी, ठसे झिजलेले.
शीर सापडेना.
पहिली सुई मी चुकवली, हातावर लिंबाएवढी सूज.
साळोखे सिस्टर मागे उभ्या, हाताची घडी घालून.
त्यांनी सुई काढून घेतली असती तर सुटले असते.
म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं नाही,
बोटांकडं पाहिलं.
"श्वास धरून बसतीस बघ, पोरी.
डाख देताना मी सोडतो.
धरला की हाताचा दगड हुतोय."

सोडला.
दुसऱ्या मनगटाशी निळसर काहीतरी, दोऱ्याएवढं.
नळीत मागं आलं रक्त, थेंबभर.
आनंद वगैरे झाला नाही.
पाय जमिनीला लागलेत हे जाणवलं, एवढंच.
"जमलं की," म्हणून ते डोळे मिटून पडले.
सिस्टर म्हणाल्या, "चार्ट लिही."

चार्ट संपले होते. किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर गावाला.
दर तासाची लघवी मोजायची होती.
खिशातला कागद काढला. मागची बाजू कोरी.
एकला ऐंशी.
दोनला साठ.
तीनला पंचवीस,
तेव्हा मी डॉक्टरांना उठवलं. ते चिडले.
परत उठवलं.
पाचला सत्तर.

सकाळी टाऊन हॉलच्या झाडांवर
वटवाघळं परतत होती, त्यांचीही पाळी संपलेली.
टपरीवर चहा घेतला आणि कागद उलगडला.
'वैयक्तिक कारणास्तव'च्या आरपार
आकडे उमटले होते, उलटे.
असा अर्ज कोण स्वीकारेल?
नवा लिहायला कोरा कागद लागेल,
झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं,
आणि हे आकडे आधी फाइलीत उतरवायला हवेत,
नाहीतर दिवसपाळीवाली बोंब मारणार.

मग आठवलं,
सहाचा आकडा लिहायचाच राहिला.
अर्धा चहा बाकावर तसाच ठेवून
मी जिना चढलो.