उलटं खोबरेल

तिसरं वर्ष, एकच प्रोटीन.
डोळ्याच्या भिंगातलं. आईच्या पोटात असताना बनतं
आणि मग बदलत नाही.
कातडी बदलते, रक्त बदलतं, भाड्याची खोली बदलते,
हे जागचं हलत नाही.

तेविसाव्या जागी प्रोलीन हवं.
के-सातच्या घरात तिथे थ्रिओनीन आहे.
एवढंच.
आजोबा, आत्या, बाप, आणि आता ही सात वर्षांची,
जिने ओपीडीच्या बाकावरून
माझ्या ओढणीचा रंग बरोबर सांगितला,
आणि कोयऱ्या तिला दिसल्याच नाहीत.

नाव इथे लिहीत नाही.
संमतीपत्रात तसं वचन आहे, परिच्छेद चार.
त्याच्याच खाली: आपणास या संशोधनाचा
थेट लाभ होणार नाही.
बापाने ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं.
ससून डॉकवर बर्फ फोडतो तो,
बोटं पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली.
"सरळ लिहिलंय, बरं केलंत," म्हणाला,
आणि सही केली.

परळला आमचा तिसरा मजला.
बॅक्टेरियांना शिकवलं हे प्रोटीन बनवायला,
त्यांनी बिचाऱ्यांनी बनवलं,
सेंट्रिफ्यूज थांबला की सगळं तळाशी.
पांढरा गाळ, वर स्वच्छ, निरुपयोगी पाणी.
सर म्हणायचे, घडी चुकत असेल,
युरियात उसव, परत घाल.
घातली. अकरा वेळा.
वहीत: फसलं. फसलं. परत फसलं.
एका पानावर नुसतंच: भूक लागलीय.

मे महिना. कॉरिडॉरचा एसी बंद.
कोल्ड रूममधून ट्यूब घेऊन निघाले
आणि माझ्या बाकापर्यंत पोचेतो
ती ताकासारखी.
फेकायलाही हात उठेना. बर्फाच्या डब्यात खोचली
आणि डोकं टेकून बसले.

पेडणेकर काका एकतीस वर्षं त्याच बेसिनपाशी
काचसामान धुतात. साबणाच्या हातांनीच वाकून म्हणाले,
"मॅडम, ही निवळली की."
निवळली होती. आरपार.
पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं तिच्यातून.
"खोबरेल थंडीत थिजतं," काका म्हणाले,
"तुमचं हे उलटं आहे."
आणि पुन्हा बीकर घासायला लागले.

मुठीत धरली: धुकं.
बर्फात: काच.
मुठीत: धुकं.
रात्री दहापर्यंत हेच, लहान मुलासारखं.

घडी मोडलेली नव्हतीच.
दुसऱ्या दिवशी यंत्रानेही तेच सांगितलं,
दोन्ही आलेख एकमेकांवर बसले,
निरोगी कुठला, आजारी कुठला, ओळखू येईना.
नीट घडलेलं, इस्त्रीचं म्हणावं असं प्रोटीन,
फक्त अंगाच्या उबेत
आपल्यासारख्याच दुसऱ्याला चिकटतं, सोडत नाही.
आणि मी त्याला तीन वर्षं उबेत फिरवत होते,
गाळ फेकत होते,
वर उरलेल्या पाण्यात उत्तर शोधत होते.

सर म्हणाले, "आणखी तीनदा कर. मग बोलू."
बरोबरच आहे.

रात्री जेवताना ते बर्फाचं काम आठवलं.
बाप दिवसभर शून्याजवळ उभा
आणि पोरीचा डोळा सदतीसच्या आसपास.
डोळा काही चार अंशांवर ठेवता येत नाही.
हे वाक्य प्रबंधात बसणार नाही.
कुठे तरी लिहायचं होतं.

तिचं ऑपरेशन मात्र आधीच झालं होतं.
गढूळ भिंग काढलं, नवं बसवलं, पहिले दोन दिवस पट्टी.
तेविसावी जागा
तिथे कुणी विचारलीसुद्धा नाही.

परवा ओपीडीत दिसली. जाड चष्मा, नाकावर वण.
मला ओळखलं नाही, ओढणीला ओळखलं बहुतेक.
जवळ आली, टोक हातात धरलं,
खूप वेळ निरखलं,
मग जरा नाराजीनेच म्हणाली,
"हिच्यावर काहीच नाहीये."

त्या दिवशी साधी होती.
खरंच काही नव्हतं.