जाड तार

इनास बोटीवर गेला, नऊ महिन्यांच्या करारावर.
जाताना बेस माझ्याकडे टाकून गेला,
काळ्या पिशवीत, चेनीच्या जागी सुतळी,
आत दाभोलीच्या लग्नाचं न वसूल झालेलं बिल
आणि तळाशी मूठभर वाळू.

चारच तर तारा, मी म्हणालो.
सोळा वर्षं मी पुढे उभा राहतोय.
दोन ओळींमधली मोकळी जागा माझी,
तिथे मी कलाबतू भरतो,
मांडवातली पोरं मोबाइल वर धरतात.

पहिल्या रात्री बोटं सोलली.
तारा कसल्या, रापणीचे दोर!
एका सुरावरून पुढच्या सुरावर जायला
एस्टी पकडावी लागेल इतकं अंतर.
तरी मी भरत गेलो, सवयीने,
तेव्हा दिगू मेस्त्रीने ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्या.
"मांडव घालतंस मा? मग तोरणां मागसून.
आधी खांब पूर."

आमच्या घरामागे बर्फाचा कारखाना आहे.
रात्रभर त्याचं मशीन एकाच सुरात घोरतं,
वेंगुर्ला बंदरातल्या होड्यांसाठी लाद्या गोठवत.
जन्मापासून ऐकतोय, म्हणजे कधी ऐकलंच नव्हतं.
परवा सगळ्यात जाड तार मोकळी छेडली
आणि खोली डुलायला लागली,
घुं… घुं… घुं…
माझा सूर आणि कारखान्याचा सूर,
मध्ये केसाएवढी फट,
एकमेकांना ढोसत होते.
खुंटी पिळत गेलो.
डुलणं संथ झालं,
आणखी संथ,
मग नाहीच.
फडताळातल्या पितळी डब्याचं झाकण तेवढं थरथरत राहिलं.
आतून आई म्हणाली, "कोणाची गाडी इली रे?"

शिरोड्याच्या हळदीला एका गाण्यात
मी बावीस सूर वाजवले.
मोजले, कारण मध्ये वेळ भरपूर होता.
त्या वेळात कळलं
की दिगू उजव्या पायातली चप्पल काढून ठेवतो,
की वरचा सूर घेण्याआधी सुलभा डावी मूठ आवळते,
आणि माझ्या जागी गिटार घेऊन उभा असलेला
कॉलेजातला पोरगा
एकही फट सोडत नाही.
पैसे देताना नवरीच्या काकाने विचारलं,
तो मागे नुसता उभा होता, त्यालाही पाकीट?

काल इनासचा व्हिडिओ कॉल.
मागे पांढरी लोखंडी भिंत, खिळ्याला शर्ट.
"वाजव मरे."
मी वाजवलं, पुरतं गाणं.
तो फोन कानाशी नेई, पुन्हा तोंडासमोर धरी.
"कायच आयकाक येणा नाय रे,
नुसतो तारांचो खडखडाट."
खरंच होतं.
एवढ्याशा फोनमधून खालचे सूर जात नाहीत,
इथेच राहतात, लादीत, झाकणात,
आईच्या पायांत.
मी बेस भिंतीला टेकवणार, तोच तो म्हणाला,
"थांब. फोन खाली कर.
अजून खाली. हात दाखव.
हां. आता वाजव."

मी वाजवत राहिलो, तो बघत राहिला,
मान हलवत, ठेक्याच्या जरा मागे,
समुद्रापलीकडून येणारं सगळंच जरा मागे असतं.
शेवटी म्हणाला, "करंगळी उशिरा पडता तुझी."
आणि रेंज गेली.

पडते.
कारखाना चालू आहे.
पुन्हा पहिल्यापासून.