बारा पॉइंट एक

सायसिंगची जीप सकाळी ढकलत आली.
चार पॅसेंजर मागून, एक कोंबडी पुढच्या सीटवर.
"उखाभाऊ, बॅटरी बसनी. यंदानी तिसरी."
मी म्हटलं, बॅटरी बसत नसते बाबा,
तिला बसवतात.

बॉनेट उघडलं. धडगावच्या घाटाची तांबडी धूळ
आणि टर्मिनलवर हिरवट बुरशी,
झाकण सैल राहिलेल्या लोणच्याला येते तशी.
मीटर लावला.
गाडी बंद : बारा पॉइंट चार.
पुन्हा ढकलून चालू केली : बारा पॉइंट एक.
चालू गाडीत आकडा चढतो.
हा उतरत होता.

लोटन म्हणाला, अल्टरनेटर गेला, काढू?
शिकाऊ पोराला काढायची फार घाई.
थांब म्हटलं. लाल टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर धर,
काळं बॅटरीच्या प्लसवर.
प्लस ते प्लस. मध्ये काही नसावं.
निघाला पाऊण व्होल्ट!
हातभर वायर, आणि वाटेतच जेवून घेत होती.
मग इंजिन ते मायनस. तिथेही अर्धा.
अर्थिंगची पट्टी तीन तारांवर लोंबत होती,
बाकीचा सगळा गंज.

पट्टी नवी, लग नवे, घासून सगळं तांब्यासारखं.
चौदा.
सायसिंग हसला. मी हसलो नाही.
लाइट लाव. तेरा चार.
ब्लोअर. बारा नऊ.
आणि सीटखाली काय गुरगुरतंय?

इन्व्हर्टर. त्याच्या शेजारी कापडी पिशवी,
पिशवीत फोन.
मी मोजले, एकोणीस.
प्रत्येकाला दोरा : लाल, हळदी, निळा,
एकाला चिंधी, एकाला काचेचा हिरवा मणी.
"पाडावर लाइट नही. डीपी जळी गयी, बारा दिन व्हयनात.
सकायले देतस, रातले लई जातस.
मानसं नही येतस, फोन येतस."
कितीला?
"पाच रुपया." मग खाली बघून,
"मणीवालीना फुकट."
मी विचारलं नाही.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला.
हेडलाइट नऊ, फॉगलाइट नऊ, ब्लोअर सात,
टेप तीन, पिशवी आठ.
छत्तीस अँपिअर.
अल्टरनेटर पस्तीसचा, तोही कागदावर.
स्टँडवर इंजिन हळू फिरत उभं असलं की
अठराही देत नसेल.
जुन्या तीन बॅटऱ्यांची उगाच बदनामी झाली.

पिशवी काढून टाक, हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.
धुळ्याच्या भंगारातून नव्वदचा मागवला,
ठोकलेल्या अँब्युलन्समधून निघालेला.
ब्रॅकेट बसेना. कानशीने दोन सूत घासलं,
एक वॉशर वाढवला, पुली जुनीच चढवली.
केबल मात्र करंगळीएवढी जाड.
विहिरीवर मोठा पंप टाकून पाट जुनाच ठेवला
तर बांध फुटतो, एवढं तर लोटनच्या बापालाही कळतं.
मध्ये फ्यूज. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला,
अर्धा इंच दबला, बस.

"साडेसहा हजार."
"अर्धा आते. अर्धा होळी नंतर."
होळीनंतर म्हणजे कुठल्या, तेही विचारलं नाही.

दिवेलागणीला सगळं लावलं. लाइट, ब्लोअर, टेप, पिशवी.
मीटर चौदा पॉइंट एकवर गेला आणि तिथेच राहिला.
गिऱ्हाईक उठून गेलं तरी
मी बराच वेळ तो आकडा बघत बसलो असतो,
पण पिशवीत काहीतरी जागं झालं.
एक टुणकलं, मग दुसरं,
मग बारा दिवसांचे अडकलेले मेसेज
शेंगा तडतडाव्यात तसे.

हिरव्या मण्याचा वाजायला लागला.
लोटनने हात घातला. सायसिंगने धरला.
आम्ही तिघं उभे राहिलो
आणि त्याला पूर्ण वाजू दिलं.
थांबल्यावर तो म्हणाला, "आते तीच लावी."

ढकलायला आलेले चौघे चढून बसले.
कोंबडी आधीच बसली होती.