खाचांची पट्टी

मावशीला मी सांगितलं, द्राक्षं बघायला जाऊ.
वाईनचा विषय दिंडोरी रोडला लागेपर्यंत काढलाच नाही.
रामशेज डावीकडे आला तेव्हा ती म्हणाली,
"नुसती द्राक्षं बघायला
कुणी इस्त्रीची साडी नेसायला सांगतं का?"

गामण्यांची बाग मोहाडीच्या अलीकडे.
पाटीवरचा बाण चुकलेला,
त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी शेजारच्या गोठ्यात पोचतो.
गोठेवाला न विचारताच हात करतो : पलीकडे.

चाखायची खोली म्हणजे जुनी कांद्याची चाळ.
भिंती घातल्या, दिवे टांगले, तरी ढगाळ हवेत
कांदा नाकात येतो अजून,
हे हर्षालीनेच आधी सांगून टाकलं.
घरातली थोरली सून. बीएस्सी, केमिस्ट्री.
सासरे बागेत, नवरा ट्रॅक्टरवर आणि हिशेबात,
टाक्या हिच्या.
"पहिल्या वर्षी आठशे लिटर व्हिनेगर केलं मी.
भावकीत अजून वाटतोय."

निवृत्तीबाबांनी आधी बाग दाखवली.
खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा,
ह्याचा फुगू द्यायचा नाही.
"जरा तहानलेलं ठेवायचं ह्याला. सुखावलं की फिकं पडतं."
मावशीने एक मणी तोडला, बीसकट चावला.
"काढा," म्हणाली.

मावशी एकतीस वर्षं कंपाउंडर होती,
रविवार कारंजाजवळ, डॉक्टर सबनिसांकडे.
लाल मिक्श्चर, गुलाबी मिक्श्चर,
बाटलीच्या अंगाला कागदाची पट्टी,
कात्रीने खाचा पाडलेली.
एक खाच, एक डोस.

पहिला पेला शेनिनचा.
हर्षालीने पाठ केलेलं म्हणायला घेतलं :
पीच, पेअर, मागाहून थोडासा मध...
मावशीने पेला नाकाशी नेलाच नाही. खिडकीशी धरला.
तळ पाहिला. कलता करून काठ पाहिला.
"गाळता कशातून? आणि गंधक किती घालता?"

हर्षालीचं पीच तिथेच राहिलं.
मग दोघी टाक्यांकडे गेल्या त्या गेल्याच.
मी आणि बाबा बाकावर,
मध्ये खाऱ्या दाण्यांची वाटी.
बाबा घेत नाहीत. "पित्त होतं," म्हणाले,
जरा ओशाळून.

थुंकायला पितळी तस्त ठेवलं होतं.
मावशी म्हणाली, "डोस थुंकत नाहीत."

मग शिराझ.
एक घोट. ती बराच वेळ गप्प.
"हा ओळखीचा आहे."
डॉक्टर बाळंतिणीला द्यायचे, दोन-दोन चमचे.
कपाटाची किल्ली हिच्याकडे.
"म्हणजे तू घेतली होतीस?"
"एकाहत्तर सालच्या दिवाळीत. कपाट लावताना.
एकच चमचा."
"कळलं कुणाला?"
"डॉक्टरांना. पट्टी माझीच ना बाटलीवर.
एक खाच कमी."
"मग?"
"मग काय. काही म्हणाले नाहीत.
सकाळी किल्ली पुन्हा माझ्याच हातात दिली."
आणि रिकामा पेला
तिने दवाखान्यातल्यासारखा पालथा घातला.

निघताना हर्षालीने चार नंबरच्या पिंपातली
एक बाटली दिली, लेबल नसलेली.
पैसे नको म्हणाली, आठ दिवसांनी फोन करा,
काय वाटलं ते सांगा.
मावशीने ती गाडीत मांडीवर धरली,
म्हसरूळपर्यंत, दोन्ही हातांनी.

ते रविवारी.
बुधवारी मी तिच्याकडे गेलो,
पाणी घ्यायला फ्रिज उघडला.
चिंचेच्या कोळाशेजारी ती बाटली,
अंगाला वहीच्या कागदाची पट्टी,
आठ खाचा.
हात थरथरतो म्हणून सुईत दोरा
शेजारच्या मुलीकडून ओवून घेते ही बाई.
एक खाच वाकडी नाही.

रविवार धरला तरी तीन,
फार तर चार.
वाईन सहाव्या खाचेखाली होती.

आत ओट्यावर भांडं वाजायचं थांबलं.

मी काही म्हटलं नाही.
पाणी घेतलं. दार लावलं.